नैना येणार आहे

थर्मल, मफलर, माकडटोपी आणि दोन स्वेटर एवढा सरंजाम घेऊन मी जानेवारीत पनवेलला निघालो. हार्बरने जाणाऱ्या माणसाची तयारी हिमालयाची का, हे बायकोला विचारायची सोय नव्हती. एक स्वेटर लोकलमध्ये उतरला, दुसरा नेऱ्याच्या रिक्षात. आत्याच्या खळ्यात पोचलो तेव्हा मी कपड्यांचा फेरीवाला दिसत होतो. आमच्या कोकणातली थंडी पहाटे पाचला येते आणि आठला जाते. तेवढा वेळ शहाणी माणसं गोधडीत काढतात.

आत्याचं शेत म्हणजे भाताची चार खाचरं. भात कापला की उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, पुढचं दव बघून घेतं. मी आलो होतो पोपटी खायला. पण नुसतं खायला येणं ही कल्पना त्या घरात कुणाला ठाऊक नसावी. पाणी पिऊन होतंय तोच हातात टोपली आली. "शेंगा तोड. भरलेल्या बघून." भरलेली कशी ओळखायची, असं विचारताच माझी बदली बांधावर भांबुर्डा उपटायला झाली. हा पाला इतका उग्र, की आत्या म्हणते, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. आपण त्यात जेवण शिजवतो. मुकादम म्हणून आत्याची सात वर्षांची नात होती. माझ्या भाऱ्यातला अर्धा पाला तिने "हे गवत आहे, काका" म्हणून फेकून दिला.

संध्याकाळी पोपटीचं मडकं भरलं. तळाला भांबुर्डा, वर शेंगा, मीठ, ओवा, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाला पाल्याचाच बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं घातलं, भोवती पेंढा-लाकडं पेटवली आणि सगळं घर जाळाभोवती बसलं.

"नैना यंदा तरी येते का?" आतेभावाने विषय काढला.

"आली की पहिली ही खाचरं जातील," त्याची बायको म्हणाली.

"साठ टक्के तिचे, चाळीस आपले."

धाकट्याचं लग्न ठरलेलं दिसतंय, पण मुलगी भलतीच खमकी, असं मला वाटलं. रीत म्हणून मी विचारलं, "मुलगी कुठली?"

जाळ तडतडला. आतेभाऊ शांतपणे म्हणाला, "सिडकोची."

विमानतळाभोवतीच्या गावांसाठी 2013 मध्ये जाहीर झालेल्या सिडकोच्या क्षेत्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून नैना हे गोड नाव तयार झालंय. जमीन योजनेत गेली की मालकाला चाळीस टक्क्यांचा भूखंड परत मिळतो. एवढ्या रुक्ष व्यवहाराला असं नाव देणाऱ्या साहेबाला मी एकदा भेटणार आहे.

"खरीच सून असती," आत्या म्हणाली, "तर शेंगा तरी तोडल्या असत्या." माझ्याकडे बघत.

आतेभावाने मडक्यावर पाणी शिंपडलं. चुर्र झालं. पोपटी तयार! पुढची वीस मिनिटं नैनाचं नाव कुणी काढलं नाही.

पहाटे पाचला थंडी आली. माझे दोन्ही स्वेटर नातीच्या अंगावर होते.

सकाळी लोकल पकडली. धूर आणि भांबुर्डा अंगात पुरते मुरले होते. वाशीला गाडी खचाखच भरली. माझ्या शेजारची जागा मात्र कुर्ल्यापर्यंत रिकामी होती.