बसून वाचायची नोकरी

‘वाचनालयात कामाला आहे’ म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘मजा आहे बुवा तुमची, दिवसभर बसून वाचायचं!’ हलवाई दिवसभर बसून जिलब्या खातो, असं मात्र कोणी म्हणत नाही.

त्यातून आमचं गाव शिरगाव. सोमाटणे फाट्यावरून आत वळणारी बहुतेक माणसं प्रतिशिर्डीला आलेली. गुरुवारी तर रस्ताभर गाड्या. त्यातले दोघे-चौघे आमची पाटी बघून आत डोकावतात आणि ‘चपला कुठे काढायच्या?’ किंवा ‘मोबाइल चार्ज होईल का?’ असं विचारतात. पुस्तक अजून कोणी मागितलेलं नाही.

काम म्हणाल तर पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढवायचं, दाखल अंक घालायचा, मागे खिसा आणि तारखेची चिठ्ठी डकवायची आणि शिक्के मारायचे. एक शिक्का पुढे, एक शेवटी आणि एक गुप्त पानावर. चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आपलं म्हणून ओळखता यावं, यासाठी हे पान ठरवून ठेवतात. परवा शाळेतलं एक पोरगं शेजारी उभं राहून म्हणालं, ‘काका, एकावन्नावर राहिला की!’

मग वर्गीकरण. मेलव्हिल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं. धर्माच्या खणात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला देऊन झाल्यावर उरलेल्या जगाची सोय त्याने २९० मध्ये केली. हिंदू धर्म २९४.५, मराठी साहित्य ८९१.४६. आता तुकोबांची गाथा कुठे ठेवायची? देहू इथून जवळच. पण हा प्रश्न घेऊन तिथे जायची माझी हिंमत नाही. वाचकांना याचं काही नसतं. ‘ते लाल पुठ्ठ्याचं द्या, मागच्या दिवाळीत नेलं होतं,’ असं आजी सांगतात. नेमकं ते बांधणीला जाऊन आलेलं असतं आणि बांधणीवाल्याने सगळ्या पुस्तकांना एकच काळं रेक्झिन लावलेलं असतं.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. रंगनाथन मोठा माणूस, पण आमच्याकडचे निवृत्त वाचक त्यांनी पाहिले नसावेत. ही मंडळी घरून वेळ घालवायलाच निघालेली असतात. मुख्य बातमीपासून शेवटच्या पानाच्या तळाशी छापलेल्या मुद्रक-प्रकाशकाच्या नावापर्यंत सगळं वाचून होतं आणि मग ‘आज पेपरात काहीच नाही’ असा शेरा मिळतो.

रंगनाथन यांचा जन्म १२ ऑगस्टचा, म्हणून त्या दिवशी ग्रंथपाल दिन. ऑगस्टात मावळचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. फोटोला हार घालायचा आणि मागच्या कपाटातली बुरशी कोरड्या फडक्याने पुसायची, दोन्ही एकाच दिवशी. पानं एकमेकांना चिकटतात, पुठ्ठे फुगतात, कसर लागते. मग वेखंडाच्या पुरचुंड्या, डांबरगोळ्या आणि ऊन पडेल त्या तासाला खिडकीत मांडलेली पुस्तकं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे तिसरं सूत्र. काही पुस्तकांना कसरीशिवाय वाचक मिळालेला नाही.

रियासतकार सरदेसाई आमच्याच मावळात, कामशेतला राहत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत काढले. ते दफ्तर रुमालांत बांधलेलं, म्हणजे मोडी कागदांची कापडी गाठोडी. खंडांवर संपादक म्हणून सरदेसायांचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. पण रुमाल आणून देणारा, धूळ झटकणारा, संध्याकाळी परत गाठ मारून ज्या त्या जागी ठेवणारा कोणीतरी असणारच. कागद त्याने वाचले नसतील. पण त्याने भलत्या फळीवर ठेवले असते, तर ते कोणालाच वाचता आले नसते. माझ्या धंद्यातला थोर माणूस मी त्यालाच मानतो.

आता एक विनंती. माळ्यावर, टीव्हीखाली किंवा हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आमच्या शिक्क्याचं पुस्तक सापडलं, तर पावसाआधी आणून द्या. विलंब शुल्क घेणार नाही. कोणी नेलं होतं तेही विचारणार नाही, नोंदवहीत आहेच.