हातातकितीकर

हातातकितीकर हे आडनाव कुठल्या गावावरून पडलं, हे शोधायला कोकणात जायची गरज नाही. ते ऑफिसात पडतं. दर पन्नास-साठ माणसांत एक हातातकितीकर निघतोच. मस्टरवर तो कुलकर्णी असेल, शिंदे असेल नाहीतर फर्नांडिस असेल, त्यानं काही बिघडत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या हातात महिन्याला नेमके किती पडतात, हे कळल्याशिवाय त्याचा डबा गोड लागत नाही.

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातले हातातकितीकर पंचेचाळिशीचे आहेत. काम चोख, सुट्ट्या कमी, आवाज हळू. "पगार किती रे तुझा?" असं ते कधीही विचारत नाहीत. तो प्रश्न लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामानं विचारायचा. हे लिफ्टमध्ये सहज विचारतात, "पीएफ जरा जास्तच कापायला लागलेत ना हल्ली? तुझा किती जातो?" पोरगं बेसावध असतं. "5,400," म्हणून मोकळं होतं. झालं! 12 टक्क्यांनी 5,400, म्हणजे बेसिक 45,000. बेसिक पॅकेजच्या चाळीस टक्के धरायचं. चौथ्या मजल्यावर दार उघडेपर्यंत त्या पोराचे साडेतेरा लाख हातातकितीकरांच्या डोक्यात जमा झालेले असतात.

काही जणांचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच कापला जातो. तिथं सगळ्यांचे सारखेच 1,800. अशी माणसं हातातकितीकरांना आवडत नाहीत. मग गृहकर्जाच्या वाटेनं जावं लागतं. "बँकेनं हप्ता कितीचा बसवला?" बँक साधारण हातातल्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास हप्ता बसू देते, एवढ्यावर ते पुढचं गणित रचतात. पण बायकोही कमावती निघाली की सगळं मुसळ केरात.

2025 च्या बजेटनं मात्र त्यांच्यावर फार उपकार केले. नव्या रिजीममध्ये 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य आणि पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट वर. लोक आपला टॅक्स वाचला म्हणून पेढे वाटत होते. हातातकितीकरांना दिसला तो पावणेतेरा लाखांवर मारलेला चुना. आता फक्त एवढंच विचारायचं, "काय, तुझा शून्यच येतो ना?" 'हो' म्हणाला तर रेषेच्या अलीकडचा, कपाळाला आठी पडली तर पलीकडचा. एका प्रश्नात आख्खा मजला उभा चिरता येतो. ते स्वतः अलीकडचे. हे मला कसं कळलं ते विचारू नका. संगतीचा परिणाम असतो.

खरं सांगायचं तर दोष त्यांचा नाही, वाढले त्या कॉलनीचा आहे. वडील जिल्हा परिषदेत. तिथं पगार ही झाकून ठेवायची वस्तू नव्हती. पाचवा वेतन आयोग लागला तेव्हा कुणाच्या घरी किती थकबाकी येणार आणि तिचा फ्रिज होणार की मुलीचं लग्न, हे कोपऱ्यावरच्या वाण्यालाही पाठ होतं. आजही सातव्या आयोगाचा तक्ता समोर धरला की लेव्हल आणि वर्षं सांगा, बोट ठेवून मूळ वेतन सांगता येतं. अशा उजेडातून आलेल्या माणसाला खासगी कंपनीत दर एप्रिलला एक पत्र मिळतं. त्यात मजकूर तीन ओळींचा आणि हे कुणाला सांगू नये अशी तंबी सहा ओळींची. माणूस हेर होईल नाहीतर काय?

आणि हेरगिरीतून जे कळतं, ते काही खोटं नसतं. कंपनीत बारा वर्षं काढलेल्या यांच्यापेक्षा, गेल्या दिवाळीत आलेल्या आणि अजून यांनाच "सर, हा सर्व्हर कुठला?" म्हणून विचारणाऱ्या पोराला जास्त मिळतात. कारण साधं आहे. आत असलेल्याला वाढ मिळते ती जुन्या पगारावर टक्क्यांनी, आणि टक्क्यांची थैली आधीच शिवलेली असते. बाहेरून येणाऱ्याला घेतात बाजारभावानं, ती थैली वेगळी. घरचा मुलगा रोज पोळीभाजी खातो आणि अधिक महिन्यात जावयाला चांदीच्या ताटात अनारसे, तसा प्रकार. फरक इतकाच की इथले जावई दोन वर्षांत सासर बदलतात आणि दर सासरी ताट मोठं होतं. हातातकितीकरांनी सासर बदललं नाही. मुलाची शाळा, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बाणेरचा फ्लॅट. मग नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे हे कळलं आणि विषयच संपला.

टपरीवर त्यांनी एकदा राज्यघटना काढली. कलम 39 मध्ये समान कामाला समान वेतन लिहिलंय, म्हणाले. दिल्ली पोलिसांतल्या एका ड्रायव्हरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1982 मध्ये ते तत्त्व उचलून धरलं, हेही त्यांना ठाऊक. सगळ्यांनी हाफ चहा बाजूला ठेवून ऐकलं. तेवढ्यात लीगलमधला एक जण म्हणाला, "सर, घटनेतलं ते सरकारसाठी. आपल्यासारख्यांना 1976 चा समान वेतन कायदा, तोही आता 2019 च्या वेतन संहितेत गेला. आणि तो स्त्री-पुरुष भेद बघतो. जुना पुरुष आणि नवा पुरुष यांच्यातला फरक त्याला दिसत नाही." हातातकितीकर बराच वेळ ग्लासात बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे या कंपनीत समानता फक्त प्रोफेशन टॅक्समध्ये." ते मात्र शंभर टक्के खरं. डायरेक्टरचे महिना 200, यांचेही 200. फेब्रुवारीत त्याचे 300, यांचेही 300. वर्षाला अडीच हजारांपुरतं आमच्याकडे रामराज्य आहे.

एकदा ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मुहूर्त काढायलाच वर्ष लागलं होतं. एप्रिलमध्ये पत्रं निघतात, तेव्हा नको. तिमाही निकाल लागले की साहेब उखडलेले असतात, तेव्हा नको. क्लायंट आला की नको, गेला की अजिबात नको. शेवटी गेले. साहेब सज्जन. म्हणाले, "बोला, तुमची अपेक्षा किती?"

आणि इथं घोडं पेंड खातं. हातातकितीकरांना मजल्यावरच्या साठ माणसांचे आकडे तोंडपाठ, पण स्वतःचा आकडा म्हणून त्यांनी कधी काही ठरवलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबात त्यांचा पगार म्हणजे दुसऱ्याच्या पगारातून वजा झालेलं काहीतरी. ते म्हणाले, "सर, त्या नव्या मुलाला साडेतेरा..." साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला कसं कळलं?" त्यानंतर पंधरा मिनिटं चर्चा पगारावर नव्हे, गोपनीयतेवर झाली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हुद्द्यामागे 'सीनियर' लागलं होतं आणि नागपूरचा प्रोजेक्ट त्यांच्या गळ्यात होता. हातात किती, तर तितकेच.

दुसऱ्याला सल्ला द्यायला मात्र या माणसासारखा गुरू नाही. टेस्टिंगमधली एक मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या बरोबरीच्या मुलाला तिच्यापेक्षा जास्त मिळतात हे तिला कळलं होतं. कळलं होतं अर्थात यांच्याकडूनच. हातातकितीकरांनी कागद घेतला. "हे बघ, पत्र हातात पडल्यावर मागणं म्हणजे वरातीमागून घोडं. आकडे फेब्रुवारीत ठरतात, तेव्हा जा. त्याचं नाव काढायचं नाही, म्हणजे नाही. वर्षभरात तू काय केलंस ते चार ओळीत. बाहेर या कामाला काय मिळतं ते एका ओळीत. मग एकच आकडा सांगायचा. 'साधारण', 'जमलं तर', 'तुम्ही बघा' हे शब्द दारावर चपलांबरोबर ठेवून जायचं. आणि आकडा सांगितलास की गप्प. साहेब खोकतील, पाणी पितील, खिडकीतून बघतील, तू गप्प."

ती गेली, बोलली, गप्प बसली. साहेब खोकले, पाणी प्यायले आणि मागितला त्याहून थोडा कमी आकडा देऊन मोकळे झाले. एप्रिलमध्ये तिनं हातातकितीकरांना काजूकतलीचा अख्खा बॉक्स आणून दिला. यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि सवयीनं विचारलं, "मग काय, नव्या रिजीममध्ये तुझा शून्यच येतो ना?"

"नाही ना सर," ती हिरमुसून म्हणाली, "आता नाही येत."

काजूकतली घशात अडकू शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. पण माणूस मोठ्या मनाचा. पाणी पिऊन म्हणाले, "चांगलं झालं. टॅक्स भरावा माणसानं." दोन दिवस टपरीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवं दुःख घेऊनच. आधी 'नव्या पोराला माझ्यापेक्षा जास्त' होतं, आता 'माझ्या शिष्येला माझ्यापेक्षा जास्त'. यात थोडा अभिमानही मिसळता येतो, त्यामुळे ते पहिल्यापेक्षा चवीला बरं आहे. तिलाही ते लोकांना दाखवतात. "ही बघ, पलीकडची," म्हणतात.

यंदाच्या फेब्रुवारीत मी त्यांना म्हटलं, "तुमचाच कागद आहे, तुमचीच युक्ती आहे. चार ओळी लिहा, आकडा ठरवा आणि जा आत. हाच महिना, तुम्हीच सांगितलेला."

"जाणार ना," ते म्हणाले. "जाणारच आहे. पण या महिन्यात नको. या महिन्यात तीनशे कापतात."