दूतावास खोटा, कंपनी खरी

गाझियाबादच्या कविनगरात जुलै 2025मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने (एसटीएफ) एक दूतावास बंद पाडला. भाड्याची कोठी, दारात परदेशी झेंडे, राजनैतिक नंबरप्लेट लावलेल्या चार महागड्या मोटारी. आत 12 राजनैतिक पासपोर्ट, 34 शिक्के आणि 44 लाख 70 हजारांची रोकड. वेस्टार्क्टिका, सेबोर्गा, लाडोनिया आणि पौलविया या चार देशांचा कारभार एकाच गृहस्थांकडे. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत यांतला एकही देश नाही, त्यामुळे कामाचा ताण बेताचाच असणार.

देश पोट धरून हसला. ‘दिल्लीकडे काय, काहीही चालतं’ म्हणत पुण्या-मुंबईचेही हसले. या हशात पोलिसांनी दिलेल्या दुसऱ्या यादीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ती होती परदेशी कंपन्यांची. ब्रिटनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी यूके लिमिटेड आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन, दुबईत आयलंड जनरल ट्रेडिंग, मॉरिशसमध्ये इंदिरा ओव्हरसीज, कॅमेरूनमध्ये इस्पात. कोणत्या कंपनीतून काय फिरवलं हे तपासात आणि कोर्टात ठरेल, आपण न्यायाधीश नाही. पण दूतावास बनावट निघाला आणि या कंपन्या मात्र त्या-त्या देशात रीतसर नोंदवलेल्या, असं पोलीसच सांगतात. म्हणजे गृहस्थांची सगळी मेहनत खोट्यावर गेली. झेंडे शिवा, शिक्के कोरा, पंतप्रधानांशेजारी उभं राहिल्याचे फोटो जुळवा. खऱ्याला एवढी यातायात लागतच नाही.

ब्रिटनच्या कंपनी निबंधकांकडे 2024च्या एप्रिलपर्यंत 12 पौंड भरले, घरबसल्या अर्ज केला की बहुधा दिवसभरात कंपनी जन्माला येई. संचालक गाझियाबादचा असो वा गडहिंग्लजचा, हरकत नाही. अर्जातली माहिती खरी का, हे विचारण्याचा अधिकारच निबंधकांना मार्च 2024पर्यंत जवळजवळ नव्हता. आलेला कागद नीट फायलीला लावणे हे तेव्हा त्यांचं काम. इकडे नाशिकला कुणी खानावळ काढून दाखवावी. गुमास्ता, अन्नपरवाना, अग्निशमनचा दाखला, व्यावसायिक दराचं मीटर. झुणका-भाकर विकायला जेवढे कागद लागतात, त्यापेक्षा कमी कागदांत साहेबाच्या देशात ‘ग्लोबल होल्डिंग्ज’ उभी राहते. मग व्हिजिटिंग कार्डावर लंडनचा पत्ता येतो, आणि पुढचं काम तो पत्ता करतो. लग्नाच्या बाजारात तर त्याला वेगळाच भाव.

गृहस्थांनी केलेली ईस्ट इंडिया कंपनी या नावाची निवड मात्र दाद देण्याजोगी. मूळ ईस्ट इंडिया कंपनीला 1668मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट दिलं, ते वर्षाला 10 पौंड भाड्याने. आपल्या काळात त्याच देशात कंपनी नोंदवायला 2024पर्यंत 12. साडेतीनशे वर्षांत महागाई दोन पौंडांची! ती कंपनी 1874मध्ये विसर्जित झाली. पुढे मुंबईत जन्मलेल्या संजीव मेहतांनी ते नाव विकत घेतलं आणि 2010मध्ये लंडनच्या मेफेअरमध्ये चहा-चटण्यांचं दुकान थाटलं. सूड घ्यावा तर असा, पावती फाडून.

आणि ज्या वेस्टार्क्टिकाचे हे म्हणे राजदूत, ते प्रकरण काय आहे? अंटार्क्टिकातल्या, कोणत्याच देशाने दावा न केलेल्या बर्फावर 2001मध्ये एका अमेरिकी तरुणाने हा देश जाहीर केला. तिथे वस्ती नाही. तो देश स्वतः अमेरिकेत धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेला आहे! या गृहस्थांनी देणगी दिली म्हणून आम्ही त्यांना मानद वाणिज्यदूत केलं, राजदूत नव्हे, असा खुलासाही तिथून आला. परदेशात नोंदलेल्या संस्थेचा भारतातला मानद प्रतिनिधी, एवढंच खरं निघालं. बाकी पदोन्नती त्यांनी स्वतःच घेतली.

नोंदणीतली ही ढिलाई ब्रिटनमध्ये एकाने 2013मध्येच दाखवून दिली होती. त्याने चक्क तिथले व्यापारमंत्री व्हिन्स केबल यांना न विचारता त्यांच्या नावाची कंपनी काढली, त्यांनाच संचालक केलं आणि सरकारला पत्र लिहून कळवलं, बघा, असं होतं तुमच्याकडे. सरकारने दखल घेतली. 2018मध्ये त्याच्यावरच खटला चालवून खर्चासकट 12 हजार पौंडांचा भुर्दंड बसवला आणि कंपनी नोंदणीत खोटी माहिती दिल्याबद्दलची पहिली शिक्षा म्हणून ती मिरवली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही केवळ आपली मिरास नाही तर!

आता तिथेही सुधारणा सुरू आहेत. मे 2024मध्ये फी 50 पौंड झाली. नोव्हेंबर 2025पासून नव्या संचालकाला आपली ओळख पटवूनच खुर्चीत बसावं लागतं. आधीपासून बसलेल्यांना वर्षभराची सवलत मिळाली. आपण नेमके कोण, हे ठरवायला एवढा वेळ पुरावा.