सप्टेंबरचा ज्योतिषी

ऑगस्टचा शेवटचा शनिवार उलटतो, अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा मोसम जेमतेम एक सामना जुना होतो, आणि या गृहस्थांचा निकाल तयार असतो. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी यंदा कुणाला, ते ठरलं. न्यूयॉर्कमध्ये ती डिसेंबरात देतात, ही आयोजकांची दिरंगाई.

गृहस्थ ओहायोचे, टेक्ससचे, अलाबामाचे, कुठलेही असतात. स्टेडियमबाहेर ट्रकचं मागचं फळकूट पाडून ग्रिल पेटवलेली, अंगात विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट, आणि चिमट्याने सॉसेज उलटता उलटता पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकविषयी प्रवचन. "हात बघ त्या पोराचा! हात!" समोरचा संघ कोण होता, हे मात्र विचारू नये. मोठी विद्यापीठं मोसमाच्या सुरुवातीला एखाद्या लिंबूटिंबू कॉलेजला दहा-दहा लाख डॉलर मोजून मार खायला बोलावतात. त्या सामन्यात पोराने पाच टचडाउन केले, तर पाचही पुराव्यात दाखल. प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या पोराने तेच केलं, तर "अरे, समोर होतं कोण?"

आपल्याकडचा कुणी एमएससाठी दोन वर्षं ओहायो स्टेटला, कोलंबसमध्ये राहून गेला, की त्यालाही हे लागतं. तो संघाला "आपण" म्हणू लागतो; आणि १९७४ व १९७५ अशी लागोपाठ दोनदा हाइझमन मिळवणाऱ्या आर्ची ग्रिफिनबद्दल असं बोलतो, की दोघं डोंबिवलीच्या एकाच चाळीत वाढले असावेत.

या मंडळींचा पूर्वेतिहास विलक्षण आहे. २०१२च्या सप्टेंबरात वेस्ट व्हर्जिनियाच्या जिनो स्मिथने बेलरविरुद्ध ६५६ यार्डांचे पास फेकले, आठ टचडाउन केले, सामना ७०-६३. गृहस्थांनी त्याच रात्री ट्रॉफी त्याच्या घरी पोचवली. पुढे संघ ओळीने पाच सामने हरला आणि डिसेंबरात जिनोला न्यूयॉर्कचं साधं बोलावणंही आलं नाही. ट्रॉफी नेली टेक्सस ए अँड एमच्या जॉनी मॅन्झिएलने, आणि तोही फ्रेशमन! दोन वर्षांनी त्याच्याच जागी आलेल्या केनी हिलने पहिल्याच सामन्यात ५११ यार्ड फेकून मॅन्झिएलचा विक्रम मोडला. गृहस्थांनी पुन्हा ट्रॉफी दिली. नोव्हेंबरात केनी बाकावर होता.

घराणं दिसलं, की मग तर विचारूच नका. टेक्ससचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग! आजोबा आर्ची १९७० साली हाइझमनच्या मतदानात तिसरे, काका पेटन १९९७ला दुसरे, काका ईलाय २००३ला तिसरे. म्हणजे तीन थोर माणसं आणि घरात एकही ट्रॉफी नाही. पण गृहस्थांच्या हिशेबी हीच थकबाकी नातवाकडून वसूल व्हायची होती. २०२५चा मोसम सुरू होण्याआधीच नातू विजेता ठरला. पहिलाच सामना ओहायो स्टेटशी, टेक्सस १४-७ने हरलं. टेक्ससवाल्या गृहस्थांना एकाएकी आठवलं, की मोसम फार लांब असतो, एका सामन्यावरून काही बोलू नये. ओहायोवाल्यांचं बरोबर उलटं झालं. डिसेंबरात ट्रॉफी गेली इंडियानाच्या फर्नांडो मेंडोझाकडे. इंडियाना विद्यापीठाची ही पहिलीच हाइझमन. ऑगस्टमध्ये या पोराचं नाव कुणा गृहस्थाच्या तोंडी मी तरी ऐकलं नव्हतं. आता ऐकतो तर सगळ्यांना तो कॅलिफोर्नियात खेळत होता तेव्हापासून माहीत.

सगळ्यात पवित्र दावा जो बरोचा. २०१८मध्ये लुइझियाना स्टेटसाठी (एलएसयू) त्याच्या पासवर टचडाउन झाले १६. पुढच्या वर्षी ६०, आणि हाइझमन. मोसमाआधी सट्टेबाज त्याच्यावर एकाला दोनशे देत होते. एवढा भाव, म्हणजे पैसे लावणारे मोजकेच असणार. पण कुठल्याही ग्रिलभोवती उभे राहा, तिथल्या प्रत्येकाने तेव्हा बरोचंच नाव घेतलेलं असतं. पैसे का नाही लावले? तर बायकोने लावू दिले नाहीत.

खरी मतं असतात नऊशेच्या आसपास, बहुतेक पत्रकारांची, काही जुन्या विजेत्यांची. चाहत्यांना सगळ्यांचं मिळून एकच मत. त्या एका मतातला आपला कण टाकायला गृहस्थ दर वर्षी विसरत नाहीत. फक्त २०१९ला तो कण कुणाच्या नावावर पडला, हे विचारलं की सॉसेज जळायला लागतं.