अटीचे काटेकोर पालन केल्याबाबत

प्रति,
माननीय संचालक,
आमच्या गल्लीला इंटरनेट पुरवणारी कंपनी,
डोंबिवली (पूर्व).

विषय : एका कनेक्शनवर एकच संगणक जोडण्याच्या अटीचे काटेकोर पालन केल्याबाबत.
संदर्भ : आपल्या अर्जाच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर.

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या घरी एका कनेक्शनवर ‘अनेक उपकरणे चालत असल्याचा संशय’ आहे आणि प्रत्येक जादा उपकरणामागे जादा आकार पडेल, असा आपला निरोप मिळाला. संशय फेडणं हे सुजाण ग्राहकाचं कर्तव्यच. पत्र उघड लिहितेय, कारण हाच निरोप गल्लीतल्या निम्म्या घरांना गेलाय आणि तिथली मंडळी उगाच घाबरली आहेत.

आपली अट सांगते की कनेक्शनच्या तारेला ग्राहकाने एकच संगणक जोडावा. जोडलाय. एकच. केव्हाही या आणि मोजा. टीव्हीच्या कपाटामागे एक जुना डेस्कटॉप आहे. विंडोजच्या ओझ्याखाली त्याने मान टाकली, तेव्हा मी त्यावर लिनक्स चढवलं. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, तक्रारही नाही. त्याला दोन लॅन कार्डं आहेत. दुसरं लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. पहिल्या कार्डात आपली तार येते. दुसऱ्यातून निघालेली तार स्विचमध्ये जाते, तिथून वाय-फायच्या डब्यात, आणि घरातले लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही त्याला लटकलेले असतात. ते आपल्या तारेला जोडलेले नाहीत हो. ते माझ्या संगणकाला जोडलेले आहेत. संगणकाला पुढे काय जोडावं याबद्दल आपल्या अर्जात चकार शब्द नाही.

लिनक्सचा स्वभाव मुळात भिडस्त आहे, हेही आपल्या कानावर घालते. एका कार्डातून आलेलं पॅकेट दुसऱ्या कार्डातून पुढे पाठवण्याचा आगाऊपणा ते आपणहून करत नाही. प्रॉक नावाच्या फोल्डरात खोलवर ‘आयपी फॉरवर्ड’ नावाची एक फाइल असते आणि तिच्यात शून्य लिहिलेलं असतं. त्या शून्याचा एक केला की अख्ख्या घराला वाट मोकळी. सिसकंट्रोलच्या फाइलीत तो एक कायमचा नोंदवून ठेवला नाही, तर लाइट जाऊन आल्यावर पुन्हा शून्य होतो आणि चारी खोल्यांतून एकाच वेळी माझ्या नावाने हाक येते.

दुसरं काम पत्ता झाकण्याचं. आपण मला पत्ता देता एक. घरातली यंत्रं आपसात १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते वापरतात. १९९६ साली आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने हे पत्ते सगळ्या जगाला घरगुती वापरासाठी मोकळे करून दिले. ते रस्त्यावर चालत नाहीत. म्हणून माझा संगणक वाड्याच्या ओटीवर बसलेल्या आजोबांसारखा वागतो. घरातल्या कुणाचंही पत्र असो, बाहेर जाताना ते आजोबांच्या सहीने जातं आणि उत्तर आलं की कुणाचं कुणाला द्यायचं ते आजोबा वहीत बघतात. ती वही म्हणजे पोर्ट क्रमांकांची नोंद. क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात, तेव्हा आमच्या घराला त्यांचा तुटवडा पडायचा नाही. यासाठी लागतो आयपीटेबल्सचा ‘मास्करेड’ हा एका ओळीचा नियम. २००१ च्या २.४ कर्नलपासून तो आहे; त्याआधी आयपीचेन्स होतं, त्याच्याही आधी आयपीएफडब्ल्यूएडीएम. २०१४ पासून एनएफटेबल्स आलंय. सवय जात नाही, म्हणून मी अजून जुन्याच कमांडी लिहिते आणि नवं हत्यार आतून निमूटपणे त्या चालवून घेतं.

आपल्याला संशय कशावरून आला असावा, तेही सांगते. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. विंडोज १२८ पासून सुरुवात करतं, लिनक्स आणि मोबाइल ६४ पासून. आपल्या दाराशी १२७ आणि ६३ यायला लागले की मध्ये कुणीतरी बसलंय हे शाळकरी पोरालाही कळेल. स्टीव्हन बेलोविन यांनी तर २००२ साली पॅकेटांवरच्या ओळख-क्रमांकांच्या ओळी लावून एका पत्त्यामागे किती यंत्रं आहेत ते मोजायची रीत लिहून काढली. आपण तिथवर पोचला असाल तर अभिनंदन. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा टीटीएल पुन्हा ६४ करायलाही आयपीटेबल्सची एकच ओळ लागते. ती मी लिहिली आहे का, हे मात्र सांगणार नाही.

आपला पोरगा कनेक्शन द्यायला आला तेव्हा त्याने दारातूनच विचारलं, “साहेब आहेत का?” मग त्याने संगणकाचा मॅक पत्ता वहीत टिपला आणि बजावलं की दुसरं यंत्र लावलं तर नेट चालणार नाही. बिचारा. मॅक पत्ता कार्डावर कोरलेला असला तरी लिनक्सला सांगितलं की ते हवा तो पत्ता धारण करतं. वहीतला तो क्रमांक आज वेगळ्याच कार्डाच्या नावावर सुखाने नांदतोय.

पण खरी दाद द्यायची ती आपल्या कस्टमर केअरला. मध्यंतरी काही वेबसाइटी अर्ध्याच उघडायच्या. मजकूर यायचा, चित्रं लटकायची. बँकेचं पान तर नुसतं फिरत राहायचं. आपल्या माणसाने आधी विंडोज फॉरमॅट करायला सांगितलं, नंतर ‘साइटचाच प्रॉब्लेम आहे’ म्हणाला. प्रॉब्लेम आठ बाइटांचा होता. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. आपण नाव-पासवर्ड विचारण्यासाठी पीपीपीओई वापरता, त्याचं वेष्टण आठ बाइट खातं, उरतात १४९२. माझ्या संगणकाला हे ठाऊक असतं, त्याच्यामागच्या लॅपटॉपला नसतं. समोरची साइट १५०० चं पॅकेट पाठवते, ते वाटेत अडतं, आणि ‘मोठं झालं, लहान करून पाठवा’ हा आयसीएमपीचा निरोप कुणा अतिसावध माणसाने सुरक्षिततेच्या नावाखाली बंद केलेला असतो. पाठवणारा पाठवत राहतो, घेणारा वाट बघत राहतो. उपाय असा की बोलणी सुरू होतानाच दोन्ही बाजूंना सांगायचं, बाबांनो, पॅकेटावरची शीर्षकं वगळता एका खेपेला १४५२ च बाइटांचा मजकूर. लिनक्समध्ये त्यासाठी आयतं टार्गेट आहे. त्याच्या मदतपानावर असे निरोप अडवणाऱ्या इंटरनेट कंपन्यांच्या अकलेबद्दल जे लिहिलंय, ते मी इथे उतरवत नाही. पत्र घरातली लहान मुलंही वाचतात.

आता आपण फुकट दिलेल्या राउटरविषयी. तो मी का लावत नाही, असं आपण विचारलंत. मुलगा व्हिडिओ अपलोड करायला बसला की सासूबाईंचा नागपूरच्या बहिणीशी चाललेला व्हिडिओ कॉल चित्रासारखा गोठायचा. स्पीड कमी नव्हता. डब्यात पॅकेटांची रांग साचत होती आणि कॉलची चिमुकली पॅकेटं व्हिडिओच्या धोंड्यांमागे तिष्ठत होती. यावरचा एफक्यू-कोडेल हा इलाज लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१२ पासून आहे. वेग आपल्या तारेपेक्षा किंचित कमी बांधून घ्यायचा, म्हणजे रांग आपल्या उंबरठ्याआत राहते आणि तिला शिस्त लावता येते. आपल्या डब्यात ही सोय शोधली. सापडला तो रंग बदलायचा पर्याय.

गंमत अशी की त्या डब्याच्या पोटातही बहुधा लिनक्सच असणार. २००२ च्या अखेरीस लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी बाजारात आला. पुढच्याच वर्षी लोकांनी त्यातलं लिनक्स हुडकून काढलं आणि जीपीएल परवान्याच्या जोरावर कंपनीला सोर्स कोड खुला करायला लावला. ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म त्यातूनच झाला. तेव्हा आपल्याला लिनक्सचं वावडं नाही. आपल्याला वावडं आहे ते ग्राहकाच्या हातातल्या लिनक्सचं. विजेच्या बाबतीत आपला डबा जिंकतो, हे मान्य. माझा डेस्कटॉप सत्तर वॅट तरी ओढतो, म्हणजे महिन्याला पन्नास युनिट. मीटर मात्र माझा आहे.

हे सगळं ठीक. परवा मी सहज पाहिलं, आपण मला दिलेला पत्ता कोणता. १००.६४ ने सुरू होतो! संचालक महोदय, १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला, अनेक ग्राहकांना एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवता यावं म्हणून. म्हणजे मी कपाटामागे जे करते, तेच आपण दुकानाच्या माळ्यावर गल्लीभरासाठी करता. नाइलाज आहे, जाणते. आयपीव्ही-४ चे पत्ते जेमतेम ४२९ कोटी आणि जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. पण कोपऱ्यावरच्या कुणा बहाद्दराने उच्छाद मांडला की प्रत्येक साइट मला ट्रॅफिक सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग ओळखायला लावते, कारण तिच्या लेखी आम्ही सगळे एकच माणूस.

तेव्हा विनंती अशी. जादा उपकरणांचा आकार आपण जरूर लावावा, फक्त तोच दर दोन्ही बाजूंना असू द्यावा. माझ्या खऱ्या पत्त्यावर किती घरं बसवली आहेत तो आकडा लेखी कळवावा आणि तेवढ्यांचा आकार माझ्या बिलातून वजा करावा. माझ्या हिशेबाने आपण मला दरमहा काही देणं लागाल.

ते जमत नसेल तर आयपीव्ही-६ द्या. मोबाइलवर मला तो केव्हापासून मिळतोय. घराला /५६ चा तुकडा दिलात तर त्यात २५६ जाळी मावतात. मग प्रत्येक यंत्र स्वतःच्या नावाने बाहेर पडेल आणि आपल्याला संशय घ्यायची वेळ येणार नाही, नुसतं मोजायचं. लिनक्सच्या बाजूने तयारी झालेली आहे. आपल्या बाजूने कोणत्या तारखेला होईल, तेवढं कळवावं.

कळावे,
आपली, बिल वेळेवर भरणारी,
एक ग्राहक