रिक्त पदाचे उमेदवार

जे पद सरकारने मंजूर केलेले नाही, किंबहुना जे भरणे हाच अपराध ठरवून ठेवलेला आहे, त्या पदाभोवतीच्या नेमणुकांची छाननी वर्षानुवर्षे निष्ठेने करीत बसणारा मनुष्य जगात असू शकेल काय, अशी ज्यास शंका असेल त्याने हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या चमनपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आमच्या दप्तरदारांची एकदा गाठ घ्यावी. दप्तरदार हे त्यांचे आडनाव नव्हे. ते आम्ही शेजाऱ्यांनी त्यांना बहाल केलेले पद आहे, आणि त्यांनी ते कोणतीही हरकत न नोंदविता स्वीकारले आहे.

1956 साली भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला. परंतु मराठवाड्यातून आलेली कित्येक कुटुंबे हैदराबादेत होती तेथेच राहिली, आणि त्यांच्या मुलानातवंडांत घरी मराठी, बाजारात दखनी व कचेरीत इंग्रजी बोलणारा, फाइलीला टाचणी कोणत्या कोपऱ्यात लावावी याविषयी ठाम मते बाळगणारा जो एक नेमस्त वर्ग निपजला, त्याचा दप्तरदार हे अर्क आहेत. चमनजवळच्याच भविष्य निर्वाह निधीच्या कचेरीत त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर या वर्गातील माणसे बहुधा गीतेकडे, मधुमेहाकडे किंवा सोसायटीच्या चिटणीसपदाकडे वळतात. दप्तरदार समुद्राकडे वळले. आता निजामाच्या एवढ्या मोठ्या दौलतीलाही जेथे शेवटी स्वतःचे बंदर नव्हते, त्या दख्खनच्या पठारावर समुद्र आणायचा कोठून, असा प्रश्न सामान्य माणसास पडेल. दप्तरदारांनी तो सोपा केला. महाबळेश्वरी उगम पावून नळावाटे या शहरात येणारे कृष्णेचे पाणी ते आधी शुद्ध करून घेतात, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम या हिशेबाने त्यात आणविलेले समुद्री मीठ मिसळतात, आणि दिवाणखान्यातील काचेच्या हौदात ओततात. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा घरातील माणसे पंख्याखाली तळमळत असतात आणि हा हौद मात्र शीतयंत्राच्या कृपेने तेवीस अंशांवर सुखात नांदत असतो, कारण पाणी त्याहून फार तापले की त्यात रोगजंतू माजतात आणि समुद्रघोड्यास ते सोसत नाहीत.

कारण हा सगळा संसार मांडलेला आहे तो समुद्रघोड्यासाठी. आणि समुद्रघोडा तेथे नाही. तो येणारही नाही. मन्नारच्या आखाताच्या बाजूने हे प्राणी वाळवून पोत्यांनी पूर्वेकडील देशांत औषधासाठी रवाना होऊ लागले, तेव्हा सरकारने 2001 साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 याच्या पहिल्या अनुसूचीत त्याची भाऊबंदांसह नोंद केली, आणि वीतभरही न भरणारा हा जीव वाघाच्या पंक्तीस जाऊन बसला. त्याला घरी बाळगणे म्हणजे दिवाणखान्यात वाघ बांधण्यासारखेच. दप्तरदारांनी आयुष्यात कधी रेल्वेचा फलाट तिकिटावाचून ओलांडलेला नाही. तेव्हा घोडा आणणे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. पण पद रिक्त आहे एवढ्यावरून आस्थापनेची तयारी थांबवावी, असे कोणत्या नियमावलीत लिहिले आहे?

म्हणून ते घोड्याचे सहनिवासी निवडतात. त्यासाठी एक लांबट वही आहे. तीत नाव, मूळ गाव, आहार, वर्तणूक व शेरा असे पाच रकाने लाल शाईने आखलेले आहेत. निवडीचे निकष त्यांनी घोड्याच्या प्रकृतीवरून बांधले आहेत, आणि ती प्रकृती खरोखरच नाजूक आहे. घोड्याला दात नाहीत आणि जठर नाही. खाल्लेले अंगी लागत नसल्यामुळे दिवसभर थोडे थोडे खात राहणे त्यास प्राप्त आहे, आणि तेही भक्ष्य तोंडाच्या नळीपाशी येईपर्यंत शेपटीने एखादी काडी धरून, दोन डोळे दोन दिशांना फिरवीत, स्वस्थ वाट पाहून. पोहण्यात तो सर्वांत मागे. पिलांचे ओझेही त्या घरात बापच पोटावरच्या पिशवीत वाहतो. अशा गरीब गृहस्थाच्या शेजारी कोणी चपळ, खादाड किंवा मारकुटा इसम नेमला, तर तो ताटावरून उपाशी उठणार हे उघड आहे.

क्लाउनफिशविषयीची नोंद मी स्वतः वाचली आहे. ‘उमेदवार रूपवान असून एका चित्रपटामुळे त्याचा वशिला मोठा आहे. तथापि जागेवर मालकी सांगण्याची खोड. शिवाय एकटा रुजू न होता समुद्रफुलास बरोबर आणण्याचा संभव. सदर समुद्रफूल डंख करून घोड्यास गिळंकृत करू शकते. नामंजूर.’ डॅमसेल, ट्रिगर आणि पफर यांचे अर्ज मुलाखतीवाचूनच निकालात निघाले. खेकड्याच्या नावापुढे केवळ ‘शेपटीस धोका’ एवढे दोन शब्द आहेत. मॅन्डरीन मासा मात्र दप्तरदारांचा जीव की प्राण. तोही संथ, तोही अबोल, आणि अंगावर निळ्या-नारिंगी रेषांची अशी नक्षी की पैठणीच्या पदराने लाजावे. पण दिवसभर खडकावरचे सूक्ष्म जीव टिपत राहणे हाच त्याचाही व्यवसाय, म्हणजे दोघांचा शिधा एकाच कोठारातून निघायचा. ही फाइल ‘विचाराधीन’ या शेऱ्याखाली इतकी वर्षे पडून आहे की तिच्यावर धूळ चढली असती, पण दप्तरदार ती रोज झटकतात.

सर्वांत कठोर निकाल त्यांनी दिला तो नळीमाशाच्या बाबतीत. हा घोड्याचा सख्खा चुलतभाऊ. तेव्हा याला तरी नेमा, अशी शिफारस मी अनुसूचीचा विसर पडून भाबडेपणाने केली. दप्तरदारांनी चष्मा काढला. “अहो, आप्त म्हणून मी आजवर कोणाची वर्णी लावली नाही, ती आता लावू? आणि रोग आप्तांकडूनच येतात. समुद्रातून धरलेला नळीमासा आपले जंतू घेऊन येतो. त्याला ते पचलेले असतात, घोड्याला नसतात. दोन निराळ्या समुद्रांतले घोडेसुद्धा एकत्र ठेवू नयेत म्हणतात, ते उगीच नव्हे.” भाऊबंदकीचे इतके शास्त्रशुद्ध विवेचन मी नांदेड-परभणीच्या कोर्टकचेऱ्यांतही ऐकलेले नाही.

या छाननीतून आजमितीस पार पडलेले आहेत ते म्हणजे उष्टे-खरकटे साफ करणाऱ्या काही समुद्री गोगलगाई, कायम. आणि एक बोटाएवढा गोबी मासा, हंगामी. घोड्याने शेपूट अडकवावी म्हणून मध्ये हिरव्या प्लास्टिकच्या काड्या रोवल्या आहेत, कारण खरा समुद्रपंखा लावावा तर तोही त्याच अनुसूचीत आहे. काकू रोज संध्याकाळी दिवा लावताना हौदाकडे पाहून म्हणतात, “अहो, त्या रिकाम्या काड्यांना विजेचं बिल किती आलं, तेही एकदा वहीत चढवा.” मृगाच्या सुमारास नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर दम्यासाठी जिवंत मरळ गिळायला देशभरातून लोक येतात, तेव्हा पाहुण्यांपैकी कोणी तरी हटकून विचारतो की चिनी लोक दम्यावर हाच घोडा देतात ना? त्या पाहुण्यास दुसरा चहा मिळत नाही.

मध्यंतरी एक मनुष्य दाराशी आला. दप्तरदारांच्या हौदाची कीर्ती त्याच्या कानी गेलेली असावी. इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणाला, “साब, घोडा होना क्या?” आणि त्याने मोबाइलवरील छायाचित्र पुढे केले. मी तेथेच बसलो होतो. आता अधिनियमाची कलमे कडाडणार या अपेक्षेने मी कप खाली ठेवला. दप्तरदारांनी भिंग आणविले, छायाचित्र बराच वेळ न्याहाळले, आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला. “याच्या मागे हा निळा कोण? डॅमसेल! घोड्याला डॅमसेलच्या शेजारी ठेवलंय यांनी!” मग वही उघडून, लेखणी सरसावून त्यांनी त्या गृहस्थास विचारले, “घोडा कहाँ का है?”

“समंदर का इच है साब, और कां का रैंगा!”

दप्तरदारांनी मूळ गावाच्या रकान्यात ‘अनिश्चित’ असे लिहिले, शेऱ्याच्या रकान्यात ‘कागदपत्रे अपुरी’ असे लिहिले, शाई वाळू दिली, आणि मग कोठे 1972 च्या कायद्याची आठवण होऊन त्यांनी त्या मनुष्यास जिना दाखविला.