खाऱ्या पाण्याचे भाऊ

भाऊंचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. कोकणात दर वाडीला असा एक भाऊ असतोच. आमचे पिंगुळीचे. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, कुडाळ बाजारात वह्या-पेनांचं दुकान, आणि डोक्यात बारा महिने एखादा ‘प्रकल्प’. मधमाश्यांची पेटी झाली, धिंगरी अळंबी झाली, ससे झाले. सशांचं पुढे काय झालं ते गावाला माहीत आहे, त्यामुळे मी बोलत नाही. प्रत्येक प्रकल्पाची सुरुवात एका नव्या दोनशे पानी वहीने होते. दुकान स्वतःचं असल्यामुळे तेवढा एक खर्च भाऊ धरत नाहीत.

सध्याच्या वहीवर लिहिलंय, ‘सागरी मत्स्यालय’.

याचं मूळ चर्नी रोडला आहे. लहानपणी मुंबईच्या काकांनी त्यांना तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय बघून चाकरमान्यांची किती पोरं गावी परतली असतील. पण परतल्यावर ती आवशीच्या हातचं बांगड्याचं तिकलं जेवून सगळं विसरली. भाऊ विसरले नाहीत. गोड्या पाण्यातल्या गप्पी-गोल्डफिशला ते ‘पोरखेळ’ म्हणतात. पाळायचा तर समुद्र पाळायचा.

आता सिंधुदुर्गाला १२१ किलोमीटरचा किनारा आहे. पिंगुळीहून निघालं की निवती काय, मालवण काय, तासाभरात पाय पाण्यात. तरी भाऊंनी समुद्र मुंबईहून मागवला. म्हणजे मीठ मागवलं. दहा किलोची पिशवी, कुरिअरने. कृत्रिम समुद्राची ही युक्ती इंग्लंडात फिलिप गॉस नावाच्या गृहस्थाने १८५४ साली मांडली. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला ती शोभते. पण शिरोड्याची मिठागरं ज्या जिल्ह्यात आहेत, १९३० साली ज्या मिठासाठी तिथे सत्याग्रह झाला, त्या जिल्ह्यात मीठ कुरिअरने येताना बघून पोस्टमनसुद्धा दोन मिनिटं थांबला.

“घरात मीठ नाय काय रे, झिला?” आयेने विचारलं.

भाऊंची एक गंमत आहे. एरवी ते चोख मालवणी बोलतात, पण टाकीचा विषय निघाला की एकदम शुद्ध मराठीत शिरतात. “आई, खाण्याच्या मिठात जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराईड असतं. समुद्रात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, कार्बोनेट असतं. लिटरला पस्तीस ग्रॅम या प्रमाणात...” आयेने तोवर हात धुवून जपमाळ घेतली होती.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी साधारण छप्पन्न लिटर. दुकानदाराने सांगितलं होतं की नवख्याने मोठी टाकी घ्यावी. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर नासतं, एक चूक झाली तरी लहान टाकी ती लगेच वसूल करते. भाऊंनी हे ऐकून घेतलं आणि लहान टाकी घेतली, कारण माजघरात तेवढीच जागा होती. आधी ती पडवीत ठेवायचा बेत होता, पण तिथे सकाळचं ऊन येतं नि उन्हाने शेवाळ धरतं. माजघरात आली तर समोर देवघर. देवाच्या नजरेसमोर मासे नकोत, असं आयेचं म्हणणं पडलं. शेवटी टाकी कोपऱ्यात तिरपी बसली. देवाला ती दिसत नाही, दारातून आत येणाऱ्यालाही धड दिसत नाही.

पाणी भरलं, वाळू घातली, दगड रचले, पंप सुरू झाला. आणि मग भाऊंनी जे केलं त्यावर पिंगुळीत आजही चर्चा चालते. बाजारातून आणलेल्या ताज्या सुंगटांतलं एक चांगलं टपोरं सुंगट उचलून त्यांनी पाण्यात टाकलं. कुजायला.

“सुंगटा कुजवतंस?” आये ओरडली. सोलकढीच्या शपथेवर सांगतो, या घरात याआधी सुंगट कुजल्याची नोंद नाही. पाणी वाया गेलं, पैसे वाया गेले, तिकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. सुंगट म्हटल्यावर शेजारची दोन घरंही मध्ये पडली.

शास्त्र मात्र भाऊंच्या बाजूचं होतं. कुजणाऱ्या सुंगटातून अमोनिया निघतो. तो माशाला विष. पण त्या अमोनियावर जगणारे जिवाणू दगडांवर, वाळूत हळूहळू वस्ती करतात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू येतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते थोडं असलं तर माशाला चालतं. ही दोन्ही खाती नेमून कामाला लागेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही.

एवढ्या महिना-दीड महिन्यात भाऊंमधला खरा माणूस दिसला. रोज सकाळी आंघोळीआधी काचेच्या नळीत टाकीचं पाणी, त्यात औषधाचे थेंब, मग नळी उजेडात धरून रंग जुळवणं. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. वहीत तारीख, वेळ, आकडा. दुकानात गिऱ्हाईक फूलस्केप मागायला यायचं आणि “नायट्राइट आज चढलंय” ही बातमी घेऊन जायचं. काही जणांना ते शेअरचं नाव वाटलं. एकाने तर किती घ्यावे म्हणून विचारलं.

घरी येणाऱ्यांचे हाल वेगळे. पिंगुळीला बाहेरची माणसं येतात ती ठाकरांची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघायला. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून तर विचारत विचारत येतात. त्यातलं एक पुण्याचं कुटुंब हायवेवर वाट चुकलं आणि “काय बघण्यासारखं आहे” असं विचारताच एका पोराने त्यांना नेमकं भाऊंकडे आणून सोडलं. भाऊंनी दिवे लावले, पंप दाखवला, वही दाखवली. पाहुणे वाकून वाकून बघत होते. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पडदा बांधलाय, मागे दिवा पेटलाय आणि पात्रं पेटीतच राहिलीत, तशी ती टाकी.

“मासे कुठे आहेत?”

“जिवाणू आहेत,” भाऊ अभिमानाने म्हणाले.

पुण्याच्या बाईंनी जिवाणूंचा फोटो काढला. पुण्याची माणसं शिस्तीची.

याच काळात भाच्याने मालवणहून एक पांढरा फांद्याफांद्यांचा दगड आणला, मामाच्या टाकीत शोभेला ठेवायला. भाऊ तीन पावलं मागे सरले. ते प्रवाळ होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या रांगेत. त्यात मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य. “मेल्या, वाघ हाडलंस घरात!” भाऊ मालवणीत ओरडले, म्हणजे खरोखर घाबरले होते. तो दगड संध्याकाळच्या गाडीने भाच्यासकट मालवणला परत गेला.

शेवटी एका सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्याच आठवड्यात कुडाळ स्टेशनावर प्राणवायू भरलेल्या पिशवीतून दोन क्लाऊनफिश उतरले. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’मुळे वाडीतली पोरंही त्यांना ओळखतात. समुद्रातून पकडलेले नव्हेत, टाकीतच जन्मलेले. त्यांचं प्रजनन आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने जमवलेलं आहे, आणि भाऊंचा आग्रह होता की मासा घरंदाजच हवा. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत तासभर भाऊ पाटावर बसून होते. त्यांच्या लग्नातली अंतरपाटाची वेळ याहून लवकर सरली होती, असं वहिनी म्हणाल्या.

दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईने किंमत विचारली. भाऊंनी एकाची सांगितली. दोघांची सांगायचा धीर झाला नाही.

“एवढ्यात टोपलीभर बांगडे गावतले,” ती म्हणाली. मग काचेला नाक लावून नीट बघितलं आणि व्यवसायाच्या माणसाने द्यावा तसा निकाल दिला, “ह्यात काटोच जास्त.”

क्लाऊनफिशचं संसारशास्त्र भाऊ आल्यागेल्याला सांगतात. जोडीत मोठी असते ती मादी. सगळे जन्मतात ते नर म्हणूनच. मादी मेली की तिचा नर हळूहळू मादी होतो आणि खालच्या क्रमांकाचा नर त्याचा जोडीदार.

“म्हणजे बायल मेली की घोवाची बायल होता?” आयेने जपमाळ थांबवून विचारलं.

“हो.”

“आणि तोवर बायल मोठी नि घोव बारको,” वहिनी आतून म्हणाल्या. “ह्यात नवीन काय?”

आयेचं आणि माशांचं पुढे चांगलं जमलं, आणि घोटाळा तिथेच झाला. माशांना दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालायचं. उरलं की कुजतं, कुजलं की पुन्हा अमोनिया. पण कोकणात घरी आलेल्याला चिमूटभर वाढून ताट उचलायचं म्हणजे घराण्याला बट्टा. भाऊ दुकानात गेले की आये पदराआडून सुका जवळा टाकायची. सकाळी नळी हिरवी. भाऊंनी पंप उघडला, गाळणी धुतली, वाळू उपसली, मुंबईला फोन केला. वहीत ‘कारण अज्ञात’ असं तीन वेळा लिहिलेलं आहे. शेवटी दगडामागे जवळ्याचा डोळा सापडला आणि चौकशी बसली.

“उपाशी ठेवलंस तर मरतले नाय तर काय?” आयेने गुन्हा कबूल करायच्या ऐवजी फिर्यादच दाखल केली.

श्रावणाने तर कळस केला. महिनाभर घरात मासळी नाही, सोमवारी तर नावही काढायचं नाही. आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात भाऊंच्या माशांची कोळंबी. अखेर तडजोड झाली. कोळंबी दुकानाशेजारच्या आइसक्रीमवाल्याकडे ठेवायची, आणि सोमवारी टाकीवर चादर. माशांना आयता अंधार, आयेला पुण्य. भाऊ रात्री चादरीत डोकं घालून बघायचे, तेव्हा जुन्या फोटोग्राफरसारखे दिसायचे.

उन्हाळा आणि पावसाळा यांबद्दल थोडक्यात. मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीच्या वर जातं, म्हणून टेबलफॅन टाकीवर. घरची माणसं वाऱ्यासाठी टाकीजवळ बसतात. पंख्याने पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून वर गोडं पाणी घालावं लागतं. (“खारा पाणी आटला तर खाराच घालूक व्हया,” हा आयेचा मुद्दा अजून निकालात निघालेला नाही.) जूनमध्ये लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी पंप, मग आये, मग उजेड. वहिनींचा क्रमांक मी विचारला नाही.

खरा प्रसंग मात्र पुढच्या जानेवारीतला. मिठाची पिशवी संपली, नवी वेळेवर आली नाही, आणि आठवड्याचं पाणी बदलणं तर टळत नाही. भाऊंनी मन घट्ट केलं, धुतलेले कॅन गाडीत घातले आणि निवती गाठली. इतके दिवस त्यांचा समुद्रावर आक्षेप होता. पावसात नद्यांचं गोडं पाणी मिसळतं, गाळ येतो, होड्यांचं तेल असतं. आक्षेप खोटे नाहीत. पण पाऊस संपून महिने झाले होते, आणि ओळखीच्या होडीवाल्याने थोडं आत नेऊन नितळ पाणी दाखवलं. सगळे कॅन भरल्यावर भाऊंनी खिशातून क्षारता मोजायची दुर्बीण काढली, काचेवर थेंब ठेवला, सूर्याकडे तोंड करून एक डोळा मिटला. होडीतली माणसं जाळं सोडून बघत राहिली.

“एक पूर्णांक शून्य पंचवीस,” भाऊ म्हणाले. “बरोबर आहे.”

अरबी समुद्र पास झाला.

किनाऱ्यावर कॅन उतरवताना एका म्हाताऱ्याने विचारलं, “पाणी चोरूक इलास?” भाऊंनी त्याला नायट्रेटपासून समजवायला सुरुवात केली, तेव्हा तो म्हणाला, व्हरा, व्हरा, उद्या परत भरती येतली.

तेव्हापासून कुरिअर फक्त पावसाळ्यात येतं. त्या छप्पन्न लिटरांत सध्या दोन क्लाऊनफिश आहेत, तीन शंख आहेत, आणि एक शंखातला खेकडा आहे. टाकी चांगली चालली आहे, हे मला मान्य करायला हवं. आजवरच्या प्रकल्पांत वर्ष ओलांडलेला हा पहिलाच. कारण साधं आहे. मधमाश्या उडून जातात, ससे पळतात. इथे भाऊंना पळता येत नाही, रोज नळी धरावी लागते.

कधी पिंगुळीला आलात तर राऊळ महाराजांच्या मठात जाऊन या, चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या नक्की बघा. भाऊंकडे जायचंच असेल तर शनिवारी जा. सोमवारी चादर असते, आणि रविवारी पाणी बदलायचं असतं. त्या दिवशी आलेल्या पाहुण्याला आधी बादली मिळते, चहा नंतर.